गल्लीची खुशाली

सकाळचा चहा होतो न होतो तोच दादानं बॅग पलंगावर उपडी केली. चौतीस वर्षांनी परत आला होता आणि तोही कायमचा. परतीचं तिकीट काढलंच नव्हतं. कपडे थोडे आणि पुडकीच जास्त. प्रत्येकावर ठसठशीत अक्षरांत नाव.

"ही कात्री शिंपीकाकांना. धार बघ नुसती! हे बारके स्क्रू-ड्रायव्हर घड्याळजींना. आणि या घशाच्या गोळ्या लाउडस्पीकर वहिनींना. इतकी वर्षं खिडकीतून ओरडून घसा बसला नसेल तर नवलच."

चिमी रिकामे कप हातात घेऊन दारातच उभी राहिली. पासष्टीच्या बाईला चिमी म्हणणारा जगात आता हा एकटाच उरला होता. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. सांगावं, तर हा उद्याच विमानात बसायचा. न सांगावं, तर पाच मिनिटांत खाली उतरून स्वतःच बघायचा. काल येताना टॅक्सीत त्याला झोप लागली, म्हणून एक दिवस तरी निभावलं होतं.

"दादा, आज राहू दे. उद्या जा."

"का? रविवार आहे म्हणून? शिंपीकाका रविवारीही दुकान उघडतात. तूच म्हणाली होतीस." तो बूट घालायला वाकला.

"शिंपीकाका नाहीत."

"कुठे बाहेर गेलेत?"

"गेले, दादा. अकरा वर्षं झाली."

दादानं वर पाहिलं. एक बूट पायात, एक हातात. "काहीतरीच काय! गेल्या महिन्यात सर्दीनं हैराण होते म्हणालीस."

"होते. अकरा वर्षांपूर्वी."

"आणि त्यांच्या नातीचं लग्न? नवऱ्यामुलाची पँट ऐन वेळी उसवली आणि शिंप्याच्या घरात सुई सापडेना, म्हणून आपण फोनवर पोट धरधरून हसलो, ते?"

"ते आमच्या हेडक्लार्कच्या मुलीचं. मी शिंपीकाकांच्या घरी लावून दिलं."

"घड्याळजी?"

"दुकान विकून मुलाकडे गेले. नऊ वर्षं झाली असतील."

लाउडस्पीकर वहिनींचं त्यानं विचारलं नाही, नुसतं गोळ्यांच्या डबीकडे पाहिलं. चिमीनं मान खाली घातली. दोघांनाही त्यांची हाक आठवली असावी.

"अगं, पण दर रविवारी!" दादा शेवटी भडकलाच. "दर रविवारी मी एकेकाचं नाव घेऊन चौकशी करायचो आणि तू धडधडीत थापा मारायचीस? तिकडचं सगळं आवरून आलो मी. कोणासाठी आलो मग?"

चिमीला ते फार लागलं. पण तिनं कप शांतपणे टेबलावर ठेवले.

"एकदा खरं सांगितलं होतं. कोपऱ्यावरचा छत्रीवाला गेला तेव्हा. तू म्हणालास, आता तिथे उरलंय कोण, येऊन तरी काय करू? मग तीन महिने तुझा फोन नाही. मी दर रविवारी फोनपाशी बसून राहायचे, जेवायलासुद्धा उठायचे नाही. तेव्हाच ठरवलं, आता आपल्या गल्लीत कोणी मरायचं नाही." ती जरा थांबली. "मी होते ना रे."

दादा वरमला. हातातला बूट त्यानं खाली ठेवला आणि पलंगाच्या कडेला, पुडकी बाजूला सारून, बसला.

"शिंपीकाकांच्या जागी आता कोण आहे?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"मोबाइल दुरुस्त करणारं कोणीतरी."

"कोणीतरी म्हणजे?"

"काय माहीत. घड्याळजींच्या तिथे काचा लावल्यात, दवाखाना असेल."

"असेल? अगं, तू इथे राहतेस की मी?"

"मी मागच्या दारानं जाते-येते. पुढून गेलं की सगळं दिसतं आणि मग रविवारी बोलताना जीभ अडखळते. आधी तुझ्यासाठी करत होते. पुढे मलाच ते बरं वाटायला लागलं." तिचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचाच राग आला. "जायचंय तर जा परत. मी अडवणार नाही."

दादानं दुसरा बूट चढवला. लेस बांधायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

"चपला घाल," तो म्हणाला.

"कशाला?"

"मला माहीत नाही, तुला माहीत नाही. बघून तरी येऊ कोण कोण आहे ते."

दोघं पुढच्या दारानं बाहेर पडली. छत्रीवाल्याच्या कोपऱ्यावर बसथांबा झाला होता आणि तिथे उभ्या असलेल्यांपैकी एकही चेहरा ओळखीचा नव्हता. शिंपीकाकांच्या दुकानासमोर दादानं सवयीनं पायरीला वळसा घातला. पायरी केव्हाच गेली होती, सपाट फरशी होती. त्याच्या मागून चिमीनंही तसाच वळसा घातला.

आत एक तिशीची बाई डोळ्याला भिंग लावून उघड्या फोनवर वाकली होती. चाहूल लागताच तिनं मान वर केली.

"बोला काकू, काय बिघडलंय?"

"बिघडलं काही नाही. सहज आलो," चिमी म्हणाली.

बाईनं भिंग काढलं आणि दोघांकडे नीट पाहून घेतलं. "सात वर्षं झाली मला इथे. तुम्हाला कधी पाहिलं नाही. नवीन राहायला आलात का गल्लीत?"

दादानं बहिणीकडे पाहिलं. जन्मल्यापासून ती याच गल्लीत होती.

चिमीनं चष्मा सारखा केला.

"हो," ती म्हणाली, "कालच आलो. दोघंही."