बुधरीबाईची टोपली

"आयक," सुरज फोनवर म्हणाला आणि वाचायला लागला. "मधाची पोळी, मोठ्या खडकाच्या मागं, अर्जुनाच्या झाडाले. सफेद मुसळी, नाल्याच्या वरच्या अंगाले..."

दिव्याच्या हातातला चहा तसाच राहिला. हे सुरजला दिसायला नको होतं. कोणालाच दिसायला नको होतं.

सुरज तिच्या कॉलेजातला. आता चंद्रपूरला कॉम्प्युटरचं काम करायचा. आपली वेबसाइट तपासून दे, असं दिव्यानेच त्याला सांगितलं होतं. खरं म्हणजे शाबासकी हवी होती. कुरखेड्याकडच्या त्यांच्या छोट्या गावाच्या ग्रामसभेची वेबसाइट तिने एकटीने बनवली होती. मोह, चारोळी, हिरडा, मध अशी नऊ पानं. संध्याकाळी पाच वाजता सगळ्या गावासमोर ती सुरू व्हायची होती.

तिच्या युक्तीचा तिला भारी अभिमान होता. वर गावाचं नाव, खाली फोन नंबर, मधला मजकूर तेवढा बदलायचा. वेबसाइटच्या पत्त्यात 'मोह' असं आलं की सर्व्हर मोहाची फाईल उचलून मध्ये आणून ठेवी. 'मध' आलं की मधाची. काम एका ओळीत. गावची रीतच तिने त्यात उतरवली होती म्हणा ना: दारात आलेल्याने मागितलं ते द्यायचं, तू कोण कुठला हे विचारायचं नाही.

सुरजने पत्त्यात 'मोह'च्या जागी दोन टिंबं आणि एक तिरपी रेघ टाकली. म्हणजे एक फोल्डर, जणू एक खोली, मागे जा. मग अंदाजाने लिहिलं, 'जंगल'. सर्व्हरने ती फाईलही आणून त्याच्यापुढे ठेवली.

त्या फाईलमध्ये अख्खं रान होतं. गावातल्या बायकांनी तीन वर्षं दिव्याला सोबत हिंडवून एकेक जागा दाखवली होती. हंगामात त्यांच्याच लेकीसुनांना पासवर्ड टाकून मोबाईलवर ती बघता यावी, म्हणून ती फाईल तिथे ठेवणं भाग होतं. बाहेरच्या व्यापाऱ्यांना ती मिळाली असती तर पुढच्या वर्षी रानात मुसळीचा एक कंद उरला नसता. शेवटची जागा दाखवताना त्यांच्यातली बुधरीबाई एवढंच म्हणाली होती, "तुह्याजवळच ठेवजो, पोरी."

दिव्याने टिंबांवर बंदी घातली. सुरज टिंबांऐवजी त्यांचे सांकेतिक आकडे लिहून आत आला. तिने आकड्यांवर बंदी घातली. तो सर्व्हरच्या मुळापासूनचा पूर्ण पत्ता देऊन आला. ती एक भोक बुजवी आणि हा पठ्ठ्या दुसऱ्यातून डोकावे. दुपारपर्यंत तिच्या बंदीच्या यादीत एकोणीस युक्त्या जमा झाल्या.

"अजून किती रस्ते हायेत रे?"

"मले काय मालूम? रोज नवीन निघते. दिव्या, आज नको चालू करू."

तिने फोन ठेवला. तिला रडू आलं. गावाने रान तिच्या हवाली केलं होतं आणि तिने त्याला दार म्हणून नुसती चौकट लावली होती.

तेवढ्यात बुधरीबाई ग्रामसभेच्या खोलीत आली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, कमरेवर टोपली. टोपलीत सात्या होत्या, वारुळांवर उगवणारी ती पांढरी अळंबी.

"जेवली का नाई?"

"भूक नाई, बाई." दिव्याने डोळे पुसले. काहीतरी बोलायचं म्हणून तिने टोपलीकडे बघत विचारलं, "रानात इखारी अळंबी किती जातीची असते हो?"

"नाई मालूम."

दिव्याला थट्टा वाटली. चाळीस पावसाळे ही बाई घरोघर अळंबी वाटत आली होती आणि एकाही माणसाला साधी उलटी झाली नव्हती.

"नाई मालूम? मंग वळखता कशी?"

"इखारी कायले वळखू?" बुधरीबाई कोपऱ्यातल्या चुलीकडे वळली. "थे तं दर पावसात नवीनच दिसते. खायाच्या सात जाती मले वळखू येतेत. त्या सातच टोपलीत येतेत. बाकीले हात नाई लावत, चांगली असन तरी."

ही बाई कधी शाळेत गेली नव्हती. सकाळपासून जे दिव्याला सुचलं नव्हतं, सुरजलाही सुचलं नव्हतं, ते ती रोज कमरेवर घेऊन तिच्याच दारावरून जात होती. दिव्याला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण आधी ती कॉम्प्युटरकडे धावली.

एकोणीसच्या एकोणीस बंद्या तिने पुसून टाकल्या. त्या जागी नऊ नावं लिहिली. पत्त्यातलं नाव या नवांत असेल तर त्याची फाईल आणायची. नसेल तर पहिलं पान दाखवायचं, मग मागणारा कोणीही असो आणि कसंही मागो.

साडेचार वाजता सुरजचा फोन आला. तिने पुन्हा तपासायला सांगितल्यापासून तो तासभर झटत होता.

"काहीच चालून नाई राह्यलं! मले जे येत होतं थे सारं करून पाह्यलं. अवं, सांग तं खरं, शेवटी किती रस्ते सापडले तुले?"

दिव्या बुधरीबाईसमोर मांडी घालून सात्यांची भाजी आणि भात खात होती. तिने घास गिळला.

"नाई मालूम," ती म्हणाली.