अब्रूचा दावा

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुकत घातलेल्या जवळ्यावरून कुणीतरी गाडी पळवली आणि मनुबाईच्या नवऱ्याचा पाय चिरडून पसार झालं. सून नूतनने वेबसाइट काढली, तेव्हा किनाऱ्यावरच्या एकाने मोबाइलवर टिपलेला त्या माणसाचा फोटो लावला आणि जगाला विचारलं, हा कोण?

एके दुपारी एक साहेब वकिलाला घेऊन दारात हजर.

"आजी, वेबसाइट बंद करायला सांगा सुनेला," वकील म्हणाला. "अब्रूनुकसानीचा दावा लागला तर दोघी तुरुंगात जाल."

मनुबाईने कोळंबी सोलता सोलता मानही वर केली नाही. "तुरुंगात आयती भाकरी गिळंन मी. पन अब्रू गेली कुनाची?"

"माझी," साहेब कडाडला. "माझा फोटो टाकलाय तुम्ही."

"तुमचाच हाय? नीट बघा, दुसऱ्या कुनाचा असंल."

"मला कळत नाही का? मीच आहे तो."

वकिलाने त्याचा दंड दाबला, पण उशीर झाला होता. मनुबाईने पदराला हात पुसले.

"नूतन, साहेबांना बसायला पाट दे. आन् पोलिसांना फोन लाव. म्हनावं, पाठमोऱ्या फोटोवरून तुमाला गावत नव्हता, तो आपल्या पायांनी घरी आलाय."