अनल

अर्थ: लग्नाआधी नवऱ्यानेच समजावला होता. "घटस्फोट नाही गं, अनल. इंग्रजी शब्द आहे. म्हणजे माझं आधीचं लग्न झालंच नव्हतं, असं कोर्टानेच ठरवलंय. तूच माझी पहिली बायको!" मी केवढी हरखले होते.

वाक्यात उपयोग: आज पडदे लावताना तो सहज बोलून गेला, "हूक उलटे घाल ना. ती तसेच घालायची, पडदा काय सुंदर पडायचा!"

"ती? म्हणजे जिच्याशी लग्न झालंच नव्हतं, ती?"

त्याने जीभ चावली. सासूबाई पेपरातून डोकं वर न काढता म्हणाल्या, "बाळा, बायको मराठीची मास्तरीण आहे तुझी. तिच्याशी इंग्रजी जरा जपून बोलावं.

मराठीत अनल म्हणजे आग."