दुसऱ्या बाजूचा माणूस

"ल्ह्या तुमी. ताडपत्री मीच बांधली हुती," ट्रेलरचा ड्रायव्हर हिंदुराव म्हणाला. "पर एकट्यानं बांधली, ह्येबी ल्ह्या."

गिरिजा बोधनकरचं पेन थांबलं. विमा कंपनीच्या जयपूर ऑफिसात बदलून येऊन तिला आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत समोर उभं राहून कुणी तिच्याशी मराठीत बोललं नव्हतं. नवरा आणि मुलगा नागपूरला. रविवारी शहरातल्या सोडाला भागातल्या एसटीडी बूथवरून त्यांचा आवाज ऐकायचा, तेवढंच.

जयपूरबाहेरच्या सीतापुरा औद्योगिक वसाहतीत, एका कापड कारखान्याच्या आवारात ट्रेलर उभा होता. चाळीस फुटी, बिनकठड्याचा. त्यावर इचलकरंजीहून आलेलं मशीन, माणसाहून उंच लाकडी पेटाऱ्यात. वाटेत टोंक गावाच्या अलीकडे थंडीतला पाऊस लागला, ताडपत्री सरकली, पेटाऱ्यात पाणी शिरलं. कारखान्यानं माल उतरवून घेतला नाही. गिरिजाचा अहवाल झाला की मशीन दुरुस्तीसाठी तसंच परत जाणार होतं. तोवर चार दिवस हिंदुराव चाकाच्या आडोशाला स्टोव्ह मांडून राहिला होता.

"मैडम, ड्रायव्हर की लापरवाही लिख दीजिए," कारखान्याचे मॅनेजर माथुर म्हणाले. "बात खत्म."

तेच लिहायला ती आली होती. ते लिहिलं की हिंदुरावची नोकरी जाणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"क्लीनर कुठे आहे तुमचा?" तिनं विचारलं.

"दिवाळीपासनं मालकांनी दिलाच न्हाई. इचलकरंजीत भरताना तितल्या मानसांनी हात लावला. राजस्थानच्या हद्दीवर नाक्यावाल्यांनी तपासाय सोडाय लावली. तितनं म्होरं मी एकलाच."

"एकट्याला बांधता येत नाही?"

"बांधता येती की. ताणता येत न्हाई."

"मी पाहिलं नाही ते मला लिहिता येत नाही."

हिंदुराव ट्रेलरकडे वळला. पन्नाशी ओलांडलेला माणूस. त्यानं सगळे दोर सोडले, ताडपत्री ओढून खाली घेतली, पुन्हा वर चढून पसरली आणि पहिल्यापासून बांधायला लागला.

दोर पेटाऱ्यावरून पलीकडे फेकायचा. ट्रेलरला वळसा घालून तिकडे जायचं, ओढायचा, खालच्या कडीला अडकवायचा. परत अलीकडे यावं तर ही बाजू ढिली झालेली. ही ताणावी तर पलीकडची कड वर उचललेली. पुन्हा वळसा. वारा होता. माथुर कंटाळून चहाला आत गेले. हिंदुरावला धाप लागली होती, पण त्यानं एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. तिला दाखवायला म्हणून तो करत नव्हता. रस्त्यात केलं तसंच करत होता.

गिरिजानं फाईल ऑफिसच्या जीपच्या बॉनेटवर ठेवली, ओढणी कमरेला बांधली आणि ती ट्रेलरच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

"टाका," ती म्हणाली.

मग पेटाऱ्यावरून दोर येऊन तिच्या पायाशी पडला.

"कडीतनं घ्या," पलीकडून आवाज आला. "खालनं वर. आन् वडा."

"ओढला."

"न्हाई वडला. अंग टाका मागं."

तिनं अंग मागं टाकलं. दोर ताठ झाला. पलीकडे तो ओढत होता, त्याचा जोर तिच्या खांद्यापर्यंत पोचत होता. मधल्या पेटाऱ्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं.

"तुमी कुटल्या?"

"नागपूरची."

"लई लांब. आमचं कोन न्हाई तिकडं." गाठ मारल्याचा आवाज आला. "हितं घरची हायती?"

"नाही."

"मग जेवनखान?"

"एकटीपुरतं करते. कधी करतच नाही."

"असं करू नगा," तो म्हणाला. मग म्हणाला, "आता म्होरल्या कडीला या."

ती पुढच्या कडीला गेली. मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक कडीपाशी तो काहीतरी विचारायचा. झोप लागती का. दुखलंखुपलं तर कोन हाय. फोनवर नवरा विचारायचा तेव्हा ती 'सगळं ठीक' म्हणायची. इथे पेटाऱ्याकडे तोंड करून तिनं खरं काय ते सांगितलं.

माथुर परत आले तेव्हा शेवटची गाठ बसली होती. त्यांनी एका दोरावर बोट मारून पाहिलं. दोर हलला नाही.

"देखा? अकेले ने बाँध ली ना."

"अकेले ने नहीं. दो लोगों ने," गिरिजा म्हणाली.

"दूसरा कौन?"

तिनं फाईल घेतली आणि उभ्यानंच हिंदीत लिहिलं. वाहनावर एकच माणूस. या मापाची ताडपत्री एकट्याला ताणून बांधता येत नाही, हे समक्ष पाहिले. दुसऱ्या बाजूने कोणी धरल्यावर नीट बांधली गेली. दुसऱ्या बाजूला, खाली सही करणारी.

माथुरांनी वाचलं. तिच्या लाल झालेल्या तळव्यांकडे पाहिलं. मग कारखान्यातर्फे खाली सही केली.

तेवढ्यावर मालक ऐकेल का, हे हिंदुरावला सांगता येत नव्हतं. त्यानं अहवालाची प्रत घडी करून खिशात घातली, स्टोव्ह केबिनमध्ये ठेवला.

"येतो, ताई," तो म्हणाला.

ट्रेलर फाटकातून वळून टोंक रोडला लागला. दिसेनासा झाल्यावरही गिरिजा तिथेच उभी होती. जीपच्या ड्रायव्हरनं दार उघडून धरलं.

"मैडम, आपके गाँव के थे क्या?"

"हो," गिरिजा म्हणाली. त्याला कळलं नाही, म्हणून तिनं पुन्हा हिंदीत सांगितलं.