साबणाची करामत

भास्करराव वकिलांनी घरीच केलेल्या स्वदेशी साबणाने तान्ह्याच्या पाठीवर चट्टे उठले. वत्सलाबाईंनी तसं सांगितलं, तर त्यांना स्वराज्यावर व्याख्यान ऐकावं लागलं. तेव्हापासून वकिलांच्या नकळत त्या साबणाने न्हाणीतला बंब घासला जाई.

आज धुळ्याचे छगनभाऊ बायकोला आणि तान्ह्या लेकीला घेऊन आले. "बघा, आपल्या साबणाची करामत," म्हणत वकिलांनी पोराची मऊ पाठ दाखवली आणि पाहुणीच्या हाती दोन वड्या ठेवल्या. नवऱ्याची अब्रू राखावी की त्या पोरीची कातडी, हे वत्सलाबाईंच्या थकल्या जिवाला काही ठरवता येईना.

पुरुष बैठकीत गेले. पाहुणीने वड्या पिशवीत टाकल्या आणि हळूच विचारलं, "अक्का, आमना घर बी असाच साबण शे. तुम्ही बेसन लावतस, का मसूरनं पीठ?"