चार खांदे

"भोकं पाडली पोटाला आणि दुखतोय खांदा! हा कुठला न्याय?" शुद्धीवर येताच बयूमीने बायकोला विचारलं.

"दुर्बिणीला जागा हवी म्हणून पोटात गॅस भरतात म्हणे. तो उरलासुरला खांद्यात कळ मारतो. डॉक्टर रऊफ सांगून गेलेत," इन्शिराह म्हणाली. "हर्निया होईल नाही तर काय! गल्लीतला एक जनाजा खांदा दिल्यावाचून सोडला नाहीत तुम्ही दोघा भावांनी."

बयूमीने खांदा चाचपला. कळ ओळखीची होती. माहितीतलं कुणी मरायचं असलं की आदल्या दिवशीच त्याचा उजवा खांदा असा दबायचा. इन्शिराहलाही ते ठाऊक होतं.

"वजनदार माणूस आहे," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे मी नाही. सुटले बाई!" ती हसली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. धाकटा भाऊ सुब्ही आत ऑपरेशनच्या टेबलावर होता. हर्निया तोच, डॉक्टर तेच, आणि अंगाने तो चांगला आडदांड.

"जा, थांबव त्यांना."

"आता? जाळी बसवत असतील. कोण ऐकणार माझं?"

बयूमीच्या तोंडचं पाणी पळालं. या भावाला त्याने लहानपणी कडेवर वागवलं होतं. दारावरची नजर काही केल्या हलेना.

सुब्हीला आणलं ते अगदी सुखरूप. डोळे उघडताच तो कण्हला, "दादा, माझा डावा खांदा धरलाय रे."

बयूमीला हसू फुटलं. टाके दुखले तरी तो हसतच राहिला. गॅसच होता तर! इन्शिराहने देवाचे आभार मानले आणि बडीशेपेचा काढा ओतायला थर्मास उघडला.

समोरच्या दोन खाटांवर सकाळीच ऑपरेशन झालेले दोघे शेतकरी होते. एक म्हणाला, "माझा उजवा दुखतोय." दुसऱ्याने न बोलता डाव्या खांद्यावर हात ठेवला.

बयूमीचं हसू मावळलं. पुढे दोघे, मागे दोघे.

तेवढ्यात डॉक्टर रऊफ आले. भारदस्त देह, कपाळावर घाम. "चौघांनीही खांदे धरलेत? सगळ्यांनाच होतं. उद्यापर्यंत उतरेल."

"डॉक्टरसाहेब, आज गाडी घेऊन कैरोला घरी जाऊ नका," बयूमी कळवळून म्हणाला. "इथेच थांबा. मी पाया पडतो."

"बयूमीचाचा, पेशंट तुम्ही की मी? घरी बायको जेवायची थांबलीय." डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "अल्लाहचं नाव घ्या आणि झोपा."

"ला इलाहा इल्लल्लाह," चौघे एकदम म्हणाले. स्वर मात्र जनाजा उचलताना लागतो, तोच लागला.

खाटांच्या मधून डॉक्टर हसत हसत दाराकडे निघाले. इन्शिराह स्टुलावरून उठली आणि ते दिसेनासे होईपर्यंत मान खाली घालून उभी राहिली.