वीतभर अंतर

"उघडली! माक, माझी टॉर्च उघडली!"

मझनीच्या आरोळीनं बेडोकमधल्या त्या फ्लॅटमधले सगळे जेवण अर्धवट टाकून उठले. सगळे म्हणजे दोघंच: नवरा इझहार आणि त्याची आई, माक. लग्नाला आठवडाही झाला नव्हता, पण नव्या नवरीचा डोळा सकाळपासून होता तो काचेच्या टाकीवर. माहेराहून तिनं एकच लाडकी वस्तू बादलीतून आणली होती, टॉर्च नावाचं जिवंत पोवळं. सकाळी भेदरून मिटलेली ती टॉर्च आता फुलली होती आणि सोनेरी टोकांची लांब बोटं पाण्यात डोलवत होती.

"काय गं बाई हे रूप!" माकच्या तोंडून निघून गेलं.

टाकी माकची. खाऱ्या पाण्यात पोवळी जगवण्यात तिचा हात धरणारं बिल्डिंगमध्ये कुणी नव्हतं. पण टॉर्च म्हणजे महाभांडखोर जात, शेजारणीला डसून डसून संपवते. म्हणून माकनं सकाळीच बजावलं होतं, "माझ्या जांभळीला हिनं बोट लावलं, तर ही परत माहेरी." जांभळी म्हणजे माकनं नखाएवढ्या तुकड्यापासून वाढवलेलं फांदीचं पोवळं. माकनं स्वतः वीत लावून दोघींत अंतर ठेवलं होतं, टॉर्च दगडाला चिकटवली होती आणि ती घट्ट बसल्यावरच पंप सुरू केला होता.

पण मोजलं होतं ते मिटलेल्या टॉर्चपासून, थांबलेल्या पाण्यात. आता पंपाच्या झोतात ती सोनेरी बोटं लांबली, आडवी झाली आणि थेट जांभळीकडे निघाली.

"गेली! माक, गेली तुझी जांभळी!" इझहार ओरडला.

 मझनीनं कोपरापर्यंत हात टाकीत घातला आणि दोघींच्या मध्ये आडवा धरला. बोटं तिच्या मनगटाला चिकटली.

"अगं वेडे, डसेल ती!" माक ओरडली.

"डसू दे! माक, हिला बाहेर नका ना काढू! पंप तिकडून लावा, पलीकडून! म्हणजे ही तोंड फिरवेल!"

माकनं पंप खसकन उपटला आणि समोरच्या काचेला लावला. झोत फिरला. बोटं हळूहळू वळली आणि रिकाम्या कोपऱ्याकडे पसरली. जांभळीला साधा ओरखडाही नव्हता. मझनीला इतका आनंद झाला, की ओल्या हातानंच तिनं माकला मिठी मारली.

"पुरे, भिजवलंस मला," म्हणत माकनं तिला सिंकपाशी नेलं आणि मनगटावर व्हिनेगर ओतलं. लाल चट्टे उठले होते. ओतताना माकची बाही वर सरकली. तिच्या हातावरही तसलेच चट्टे होते, जुने, फिके पडलेले.

"मोजण्यात मीच चुकले," माक म्हणाली. मग मान न वळवता लेकाला म्हणाली, "भात संपव आणि दुकानात जा. त्या कोपऱ्यात अजून एक टॉर्च बसेल."

"अजून एक? अगं, एकीनंच घाम फोडला!"

"आण म्हटलं ना. दोन टॉर्च एकमेकींना डसत नाहीत."